वावराला रस्ता

आमचं वावर सरकारनं सासऱ्यांना दिलेलं. गायरानातली मुरमाड जमीन, गावात कोणाला नको होती म्हणून आमच्या बौद्धवाड्याच्या वाट्याला आली. सातबारा मिळाला, पण वावरात जायला रस्ता मिळाला नाही. मधे गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं वावर. तो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जाऊ द्यायचा. गाडी, ट्रॅक्टर नाही. वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून ठेवायचा. सासरे होते तोवर सगळं पीक डोक्यावरून घरी आलं. पुढे सासरे गेले, माझे मालकही गेले. वावरात मी आणि सासू राहिलो.

सोयाबीनला मळणीचं मशीन वावरात न्यावंच लागतं. सासूनं तहसीलात अर्ज केला. साहेब पाहायला आले, त्या दिवशी काट्या गायब. धुरा सपाट केलेला, त्यावर ट्रॅक्टरच्या ताज्या चाकोऱ्या. साहेबांची जीप थेट आमच्या वावरात येऊन थांबली.

"रस्ता तर आहे," साहेब म्हणाले.

सासू म्हणाली, "सायेब, हा आज सकाळचा हाय. तुमी गेले की काट्या येतीन."

तो शेतकरी चहाची किटली घेऊन उभाच होता. "बुढे, मंग सायेब काय उडून आले काय?"

सगळे हसले. साहेबांनी रस्ता सुरू आहे असं लिहिलं, चहा घेतला आणि त्याच रस्त्यानं गेले. संध्याकाळी काट्या परत पडल्या.

त्या साली सोयाबीन विळ्यानं सोंगून वावरातच सुडी लावली, ढीग ताडपत्रीनं झाकला. अनसिंगहून मशीनवाला आला, काट्यांपाशी थांबला आणि परत गेला. मग पाणी आलं ते थांबेना. ताडपत्री उचलली तर शेंगांना कोंब फुटलेले, आतून वाफ निघत होती. सासूनं आंबलेल्या शेंगांची मूठ काढली, नाकाला लावली आणि परत सुडीवर टाकली.

त्यानंतर तो शेतकरी घरी आला. दाराबाहेरच उभा राहिला, आमच्याकडे पाणी पीत नाही.

"वावर मले मक्त्यानं दे, बुढे, सालाचे पैसे देतो. तुमचं वाया जाऊन राह्यलं. तिथं जायची सोय नाई."

"सोय कोनं मोडली?" सासू म्हणाली.

"आता ते काढून काय फायदा?"

घरात पेरायला बी नव्हतं. वावर दिलं.

दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. काट्या पेटवल्या, मुरूम टाकला. दुपारपर्यंत त्याचा ट्रॅक्टर आमच्या वावरात गेला.

सातबाऱ्यावर नाव अजून आमचंच आहे. मी तिथं रोजानं गवत निंदायला जाते. पहिल्या दिवशी तो धुऱ्यावर उभा राहून सगळ्या बायांसमोर म्हणाला, "तू नीट निंद बरं. मालकीण हायेस तू."

बाया हसल्या. मीही तोंडाला पदर लावून हसले. मजुरी त्याच्याच हातून घ्यायची होती.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, रस्ता कसा झाला. चांगला झाला, म्हटलं.