चौथ्या फेरीला पडले तेव्हा

चौथ्या फेरीला मी पडले आणि सगळी मुलं हसली.

"खाला, आज लवकर पडलात! सहाव्या फेरीला ठरलं होतं," एक मुलगा म्हणाला.

मला ऐकू येत होतं, पण जीभ हलत नव्हती. अंग घामाने भिजलं होतं.

दोष मुलांचा नव्हता. पडणं हेच माझं तिथलं काम. हजला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळायला जे तरुण सोबत जातात, त्यांना खादिम म्हणतात. त्यांचा सराव येरवड्यातल्या एका हॉलमध्ये चालतो. फ्रिजच्या खोक्यावर काळं कापड टाकलं की झाला काबा. त्याच्याभोवती सात फेऱ्या. नियम शिकवायला शिकलेली माणसं आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत. मी हजला गेले तेव्हा तिथल्या तंबूंमध्ये अर्धा दिवस हरवले होते, म्हणून मला बोलावतात. मी सरावात मुद्दाम हरवते, चपला विसरते, चक्कर येऊन पडते आणि पडल्या पडल्या मुलांना शिव्या घालते. शिव्या मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

त्या दिवशी जेवायला बिर्याणी होती. सकाळी मी डायबेटिसची गोळी घेतली, पण भूक राखायची म्हणून नाश्ता टाळला आणि साखर उतरली. मूर्खपणा माझा.

मुलं माझे पाय उचलून धरून वाद घालत होती. "आधी नाव विचारायचं की वारा घालायचा?"

एक मुलगी होती, सबंध शिबिरात तोंड न उघडलेली. ती एकदम ओरडली, "अरे थांबा! खाला शिव्या देत नाहीयेत."

तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मागे आजार लिहिलेला होता. चहाच्या टेबलावरून साखर आणून तिने बोटाने माझ्या हिरड्यांना चोळली.

थोड्या वेळाने मी डोळे उघडले. "किती वेळ लावलात रे, गाढवांनो!"

सगळे हसले. ती मात्र रडायला लागली.

"रडतेस काय? बिर्याणी आण."

आता सरावात नवा नियम आहे. कुरकुर करणारा थांबू शकतो, गप्प झालेल्या म्हाताऱ्याकडे आधी बघायचं. ती मुलगी यंदा खादिम म्हणून हजला जाऊन आली. मी दर रविवारी पडायला जाते, नाश्ता करून.

नव्या मुलांना हा किस्सा सांगतात, तेव्हा मी सांगते, त्या दिवशी खरोखर पडलेली बाई मीच. जिवंत आहे.