सूर्याची राख

परळच्या एका गिरणीत हरेश्वर आगवाला होता. दिवसभर बॉयलरच्या तोंडात फावड्याने कोळसा टाकायचा, वाफ पडू द्यायची नाही आणि संध्याकाळी राख उपसून घरी यायचे. माणसांशी त्याचे वाकडे नव्हते. त्याला हेवा वाटे तो सूर्याचा.

कारण त्याची बायको रखमा. भोईवाड्यातल्या घरापुढे बांबूच्या आडव्या काठ्यांवर ती बोंबील वाळवी आणि लालबागेत विकी. उठल्याबरोबर पहिला नमस्कार सूर्याला, नवऱ्याची भाकरी त्यानंतर.

"माझ्या आगीवर अख्खी गिरणी चालते," हरेश्वर म्हणे.

"आणि त्याच्या आगीवर माझे बोंबील सुकतात. तो कधी कुरकुरत नाय," रखमा म्हणे.

अठराशे अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सूर्यग्रहण आले. मुंबईत भर दुपारी सूर्याची नुसती कोर उरणार, अशी बोलवा होती. हरेश्वर खूश झाला. कुणाची आग टिकते, ते आता रखमाला दिसणार होते! आदल्या संध्याकाळी त्याने शेजारच्या रामचंद्राला गाठले. हा कॉलेजात शिकत होता.

"उद्या विझतो म्हणे तुमचा सूर्य."

"विझत नाही, काका. चंद्र आड येतो."

"बरं. पण कोळसा कुठला जाळतो?"

"कोळसा असता तर कधीच संपला असता. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"आणि राख? आग म्हटली की राख आली. ती कोण उपसतो?"

रामचंद्र हसला. "तुम्हीच वर जाऊन बघून या!"

राख होती. तीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात दिसलेल्या एका ग्रहणात सूर्याचा उजेड लोलकातून फोडून बघताना अनोळखी पिवळी रेघ सापडली होती, ती हेलियम वायूची. हेलियम हीच ती राख, हे मात्र पुढच्या शतकात उमगले. सूर्याच्या पोटात इतकी उष्णता आणि इतका दाब असतो, की हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांचा हेलियम होतो. या जुळणीत वजन जरासे घटते. ती घट म्हणजेच ऊन. हीच चूल पृथ्वीवर पेटवायची खटपट आज चालू आहे. साधली, तर पाण्यातून काढलेल्या इंधनावर धुराशिवाय वीज होईल. हरेश्वरला हे कळते, तर त्याचा हेवा दुप्पट झाला असता.

ग्रहणाच्या दिवशी उजेड मळकट होऊ लागला, तसा त्याने कोळशाचा नुसता मारा केला. चिमणीतून काळाकुट्ट लोट उठला. इंजिनीअर ओरडत आला, तरी फावडे थांबेना.

घरी आला, तेव्हा रखमा ग्रहणाची आंघोळ करून ओल्या केसांनी बसली होती. दिवसभर तिच्या पोटात काही नव्हते.

"दिसला माझा धूर?"

"दिसणार नाय तर! त्याच्या तोंडावरच येत होता. आधीच बिचारा ग्रहणात, त्यात तुमची काजळी! बोंबलांच्या टोपल्यांवर चादर टाकली होती, तीसुद्धा काळी झाली बघा."

"माझा हात भाजला, तेव्हा नव्हतीस अशी उपाशी राहिली."

रखमाने त्याच्यापुढे पाण्याची बादली सरकवली आणि पदराने त्याच्या भुवयांवरची राख पुसली. चांगला वेळ लावून पुसली.

"करा आंघोळ," ती म्हणाली. "तुमचंही सुटू दे."

दुसऱ्या दिवशी तिने आधी भाकरी वाढली. हरेश्वर ताठ बसून जेवला. मग ती अंगणात जाऊन सूर्यापुढे उभी राहिली, आणि घास तोंडात तसाच ठेवून तो दारातून बघत राहिला. आज ती रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेळ उभी होती.