चाळीस बाटल्यांचं वाण

हे मी आजवर एक बाई सोडली तर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ताईच्या आजारावर मी जे औषध दिलं, त्याचा माणसाला उपयोग होतो की नाही हे मला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नाही, हे मला देतानाच पक्कं ठाऊक होतं.

मी अमरावतीत एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गच्चीवर मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. माश्या झाडांच्या कळ्यांवरचा चीक आणून पेटीच्या फटी बुजवतात. त्या राळेला प्रोपोलिस म्हणतात. ती खरवडून मी स्पिरिटमध्ये मुरवायचो. घसा धरला की चार थेंब घ्यायचे आणि पाहुण्यांपुढे त्यावर अर्धा तास बोलायचं. यातला दुसरा भाग मला जास्त आवडे.

तीन वर्षांपूर्वी ताईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, लगेच शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करा. ताई नांदगाव खंडेश्वरला असते, भाजीचा मळा आहे. आई गेल्यावर तिनं सातवीतून शाळा सोडली आणि मला शिकवलं. त्या शिक्षणाचं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"तू एवढा शिकला बाप्पा, याच्यावर काईच नाई का तुयाजवळ? मले त्या मशिनीचं लय भेव लागते."

"नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "हाये ना. माया माश्यांच्या राळेनं याच कॅन्सरच्या पेशी मरतात. संशोधन झालं हाये."

संशोधन खरंच झालं होतं. मी वाचलं होतं. फक्त त्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या, आणि बाईच्या शरीरात काय होईल ते अजून माहीत नाही, असं शेवटी स्पष्ट लिहिलं होतं. तेवढी ओळ मी गिळली. बशीतल्या पेशी काय, फिनाईलनंही मरतात.

जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली ताई दोन महिने सकाळ-संध्याकाळ स्पिरिटचे दहा-दहा थेंब घेत राहिली आणि शेक पुढे ढकलत राहिली. मी दर रविवारी बाटली पोचवायचो आणि परतीच्या एसटीत स्वतःला शास्त्रज्ञ समजायचो. मग रक्त जास्त जायला लागलं. अकोल्याला नेलं, तर आजार एक पायरी पुढे सरकलेला.

डॉक्टर चिडले. "दोन महिने काय करत होता तुम्ही?"

"वांग्याचा तोडा होता, साहेब," ताई म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र बघत बसलो, जणू प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला ते पहिल्यांदाच दिसत होतं.

शेक झाले, सलाईनमधून औषधं झाली, खूप सोसलं तिनं. वाचली. आणि गावभर सांगत सुटली, "मशिनीनं नाई व माय, माया भावाच्या माश्यांनी वाचवलं." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

या संक्रांतीला तिचा फोन आला. "हळदीकुंकवाले तुयं औषधच वाण म्हणून वाटतो. चाळीस बाटल्या कर." मी केल्या. लेबलंही छापली. त्यावरची माशी मीच काढली होती, ती झुरळासारखी दिसत होती.

त्या संध्याकाळी ताईच्या घरी समोरच्या खोलीत मी एकटा पुरुष, हातात तिळगूळ. शेजारच्या वहिनी वाण घेऊन माझ्यापाशी थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं भाऊ. मलेही तेच निघालं हाये. सोमवारी अकोल्याले जाचं होतं. आता नाई जात."

"वहिनी, ती बाटली द्या इकडं."

"काय बाप्पा! वाण कोणी वापस घेते का?"

आतून ताई ओरडली, "काहून रे, काय झालं?"

"औषध आंबलं," मी म्हणालो. स्पिरिट आंबत नाही. पण खोटं बोलायची माझी हातोटी तोवर चांगलीच मुरली होती.

मग वहिनींना ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. बशी, दोन महिने, एक पायरी. त्यांनी विचारलं, "ताईले मालूम हाये हे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"लय शिकले तुमी, भाऊ," त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात ठेवली.

सोमवारी त्यांना अकोल्याला मीच घेऊन गेलो. त्यांचे शेक चालू आहेत. बाकीच्या एकोणचाळीस घरी जाऊन सांगितलं, हे घशापुरतं आहे, बाकी काहीही असेल तर आधी दवाखाना. ताईच्या कानावर ते गेलंच. ती म्हणे हसली. "माया भाऊ लाजते," म्हणाली.

तिच्या तपासणीला दर खेपेला मी सोबत जातो. जाताना दोन तास, येताना दोन तास शेजारी बसतो, आणि ती मला संत्रं सोलून देते. तिचे ते दोन महिने मी घालवले, हे तिला माझ्या तोंडून सांगणं अजून बाकी आहे.