साडूंचा पिक्चर

हिंदीत मारधाडीचे पिक्चर आजवर ढिगाने निघाले असतील, पण निमगाव केतकीच्या आमच्या थोरल्या साडूंच्या मते पिक्चर म्हणावा असा एकच निघाला; त्यानंतरचे निर्माते उगाच दमले. तो त्यांनी किती वेळा पाहिला हे विचारणं म्हणजे एखाद्याला तू आजवर किती वेळा जेवलास असं विचारणं. त्या पिक्चरने त्यांना चालायला, बोलायला, वळून बघायला शिकवलं. डाळिंबावर औषध मारायला निघाले तरी डोळ्यांवर काळा गॉगल, आणि फळावर तेल्या रोगाचा डाग दिसला की त्याच्याकडे रोखून बघत दबक्या आवाजात, "आलास व्हय तू? मी तुजीच वाट बघत हुतो." लग्नाला वेळेवर जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. एकदा भाचीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तरी यांचा पत्ता नाही, आणि ऐन अक्षता पडताना हे मांडवाच्या मागून, आचाऱ्याच्या कढया ओलांडत अवतरले. मी म्हणालो, "अहो, पुढून वाट आहे." तर म्हणतात, "पाव्हणं, हिरो कधी वाटंनं येतो व्हय?" सगळा मांडव हसला. माझी बायकोही हसली. ती माझ्या विनोदांना हसत नाही. ते तिला समजतात, एवढंच सांगते.

आता मलाही पिक्चरची आवड आहे. बारामतीत माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक नसलं की मी कॅमेरा, पार्श्वसंगीत अशा विषयांवर बरं बोलू शकतो. ऐकायला कुणी नसतं, ही गोष्ट वेगळी. कळंबला सासुरवाडीला मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो की "या, पाव्हणं, बसा," म्हणून खुर्ची मिळते, आणि मग मी आणि खुर्ची दोघेच उरतो. साडू रिकाम्या हाताने येतात, तर अंगणात घोंगडी पसरली जाते, शेजारपाजार गोळा होतो, सासूबाई तव्यावरची भाकरी विसरतात. मग सुरू होतो पिक्चर. मोटारसायकलचा आवाज तोंडाने, काचा फुटतात त्याही तोंडाने, आणि हिरोचे ठोसे बहुधा माझ्या खांद्यावर, कारण खुर्चीवर बसलेला माणूस त्यांना उंचीला बरोबर पडतो. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणायचो. ते मात्र साडूंना अरे-तुरे करायचे आणि मला 'तुमी' म्हणायचे. लोक याला मान म्हणतात. मला त्या मानाचं मनापासून वाईट वाटायचं.

मग मामांची नजर गेली. काचबिंदूने हळूहळू नेली आणि एके दिवशी काहीच ठेवलं नाही. उभी हयात ऊस आणि पिक्चर या दोनच गोष्टींत रमलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवण टाकलं, बोलणं टाकलं. मी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, गाडी केली, मामांना हाताला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. त्याच सुमारास बारामतीच्या थेटरात साडूंचा तो जुना पिक्चर पुन्हा लागला, आणि हे कळंबला जाऊन मामांच्या उशाशी उभे राहिले.

"मामा, उठा. पिक्चरला जायाचंय."

"आरं, मला दिसतंय कुठं?"

"मला दिसतंय की!"

आणि मामा उठले. धोतर बदललं, टोपी मागितली. माझ्या गाडीने आणि पुण्याच्या डॉक्टरने जे झालं नाही ते तीन शब्दांत झालं. मीही सोबत गेलो. मदत म्हणून गेलो असं घरी सांगितलं. खरं तर साडूंची फजिती बघायला गेलो.

दुपारचा खेळ होता. मधे मामा, एका बाजूला साडू, दुसऱ्या बाजूला मी. साडू मामांच्या कानाशी लागून सांगू लागले आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की हा माणूस भलतंच सांगतोय! पडद्यावर बंदरावरचं गोदाम होतं, आणि हे सांगत होते उसाच्या गाड्यांची रांग. हिरोची आई चांगली शहरी बाई, पण यांनी तिला नऊवारी नेसवून थेट आमच्या सासूबाईंसारखी केली. "बगा मामा, कशी भाकरी थापती!" पडद्यावर ती फोनवर बोलत होती. मी संतापलो. पण मामा खुदखुदत होते, आणि पुढच्या रांगेतले लोक आधी "शूऽऽ" करून मग मागे रेलून यांचंच ऐकत होते.

मग हिरोच्या मित्राला गोळी लागते तो प्रसंग आला. इथे साडू दरवेळी रडतात. त्यांनी तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला आणि आवाज बंद.

"थांबलास का? काय झालं? मेला का त्यो?" मामा चाचपडले. साडूंकडून नुसते हुंदके. मग मामांचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट आवळला. "आरं, तू तरी सांग की!"

मला 'तू' म्हणाले. पडद्यावर मित्राचे डोळे मिटले होते.

"न्हाय, मामा," मी म्हणालो, "श्वास हाय अजून."

माझ्या तोंडून अशी भाषा कुठून आली कोण जाणे. "वाचंल का?" "वाचतोय की. जीप आली. उचलला त्याला. डॉक्टर म्हणतोय, भ्यायचं काम न्हाय." पडद्यावर चिता पेटली होती आणि मी रक्ताची बाटली लावत होतो. साडूंनी डोळे पुसून मामांच्या टोपीवरून माझ्याकडे बघितलं. आता हा मला उघडा पाडणार, असं वाटलं. त्यांनी घसा साफ केला. "तर मामा, मैतराला दवाखान्यात टाकून हिरो निघाला बगा..."

कळंबला घरी येऊन मामांनी अंगणात ताठ बसून सासूबाईंना आणि माझ्या बायकोला सगळा पिक्चर सांगितला, आणि भाकरी मागून खाल्ली. "थोरल्यानं काय पिक्चर दावला!" मित्र वाचतो तो भागही थोरल्याच्याच नावावर गेला. "त्यो भाग पाव्हण्यांचा हाय," साडू दोनदा म्हणाले, पण तो त्यांचा मोठेपणा ठरला. परतताना बायको म्हणाली, "दाजींनी त्या मित्राला काय वाचवलं!" मी गाडी चालवत राहिलो.

मामा आता नाहीत. साडू अजून गॉगल लावतात, लग्नाला उशिरा येतात, पण पिक्चर सांगत नाहीत. मीच अधूनमधून त्यांच्या बागेत जाऊन विषय काढतो. ते हातातलं डाळिंब फोडतात, अर्धं मला देतात आणि म्हणतात, "आता कुणाला सांगायचा, पाव्हणं?"

मी समोरच बसलेला असतो.