उघडता येणारा कॉम्प्युटर

पहिला घाव मॉनिटरवर पडला, दुसरा माझ्या खांद्यावर. हावड्यातल्या आमच्या युनियनच्या खोलीत भरदुपारी तिघे जण लोखंडी सळया घेऊन शिरले होते. मी कीबोर्ड उपसला आणि सर्वांत पुढे असलेल्याच्या तोंडावर आडवा हाणला. त्याचा ओठ फाटला, कीबोर्डची चार बटणं उडून फरशीवर पडली. त्यानंतर मला फारसं काही करता आलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरचा कॅबिनेट आडवा पाडून त्यावर नाच केला आणि जाताना एक जण त्यावर थुंकलाही.

ते कशासाठी आले होते हे मला ठाऊक होतं. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसने एका कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडली होती. मालक म्हणत होता, प्रेसला संरक्षक जाळी होती, यानेच दारूच्या नशेत काढली. खरं तर जाळीमुळे काम मंदावतं म्हणून मालकानेच ती काढायला लावली होती. त्याचा पुरावा हवा म्हणून एक सहकारी मोबाइलवर चित्रण करत होता आणि ते चालू असतानाच बोटं गेली. पुढे मालकाच्या माणसांनी तो मोबाइल फोडला. पण चित्रण त्याआधीच माझ्या कॉम्प्युटरवर उतरलं होतं. सोमवारी कामगार खात्यात सुनावणी होती आणि हा शुक्रवार होता.

चेंदलेल्या कॅबिनेटमधून मी डिस्क ओढून काढली. तिचा एक कोपरा चेपला होता. ओढणीत गुंडाळून ती कोलकात्यात, सॉल्ट लेकला घरी आणली.

आई बँकेत अधिकारी, बदलीवर नागपूरहून इथे आलेली, आणि जन्मभर कर्मचारी संघटनेची. रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांआधी पत्रकांचे गठ्ठे लागायचे. त्यांच्या घड्या घालणं हे माझं काम. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. माझा काळानिळा खांदा पाहून आईने आधी बर्फ लावला. मग विचारलं, "दुसरी प्रत कुठे आहे?"

"नाहीये."

"एकच?"

"मग काय, कुठल्या तरी कंपनीच्या क्लाउडवर ठेवायची? त्याचं रक्त परक्याच्या मशीनवर? कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नसलेलं लिनक्स आम्ही वापरतो ते काय उगाच—"

तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मला तत्त्वं शिकवू नकोस. पत्रक छापलं की पहिली प्रत कोणाकडे जायची?"

संघटनेत नसलेल्या माणसाकडे. नागपूरला ती शेजारच्या काकूंच्या तांदळाच्या डब्यात जायची. संपाचं नाव काढलं तरी काकूंना घाम फुटायचा आणि म्हणूनच तो डबा उघडून बघायचं कोणाच्या मनात आलं नसतं. हा नियम मी पाळण्यात असल्यापासून पाहत आले होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा स्वातंत्र्यावर भाषणं दिली आणि डबा विसरले.

शनिवारी सकाळी त्या कामगाराला घेऊन मी चांदनीच्या कॉम्प्युटर-बाजारात गेले. त्याचा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

"लिनक्ससाठी कॉम्प्युटर हवाय?" दुकानदार हिंदीत म्हणाला आणि हसला. "दीदी, लिनक्सवाले काम कधी करतात? ते तर आयुष्यभर लिनक्सच लावत बसतात."

त्याने एक पांढरा, पातळ कॉम्प्युटर दाखवला. स्क्रीनच्या पाठीतच सगळं मशीन. तो उघडतो कुठून, मी विचारलं.

"उघडायचा कशाला?"

"माझी डिस्क आत बसवायचीय."

"यात सगळं बोर्डालाच चिकटलेलं असतं."

दुसऱ्याची बाजू काचेची होती, आत भलंमोठं ग्राफिक्स कार्ड आणि लाल दिवे. "आम्ही पत्रकं काढतो हो, मंडप घालत नाही," मी म्हटलं. शिवाय त्या कार्डाचं सॉफ्टवेअर कंपनी कुलपात ठेवते, लिनक्सला आत बघू देत नाही. तसलं कार्ड मी एकदा वापरलं होतं. दर अपडेटला स्क्रीन काळीठिक्कर. मला हवा होता स्क्रू फिरवून उघडणारा डबा, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स, नेटची तार लावायला भोक आणि डिस्कला मोकळी जागा. कोपऱ्यात कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेल्या काळ्या कॅबिनेटांची चळत होती. मी त्यातला एक धुळीतून ओढायला लागले.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "तोवर डिस्क जिवंत आहे का बघतो." कामगाराने विश्वासाने ती त्याला दिली. त्याने ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. त्याच्या कॉम्प्युटरला आमच्या डिस्कची मांडणी कळत नव्हती, आणि न कळलेलं सगळं त्याला कोरंच वाटत होतं. स्क्रीनवर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? त्याचा हात सवयीने 'हो'कडे गेला.

मी झेपावले आणि त्याच्या मनगटावर मूठ आपटली. मनगट काउंटरवर आदळलं, काचेला तडा गेला.

"पागल आहात?" तो ओरडला.

"पुसली असतीत तर हात मोडला असता तुमचा."

मी ते मनापासून बोलले होते. सळया घेऊन आलेल्या त्या तिघांपैकी एकाचा चेहरा आत्ताच्या माझ्या चेहऱ्यासारखाच होता, हे मला तिथेच जाणवलं. तरी मी माफी मागितली नाही.

जुन्या कॅबिनेटचे दोन स्क्रू हातानेच फिरले. डिस्क बसवली, बटण दाबलं. पंखा घरघरला. परक्या मशीनमध्ये, परक्या स्क्रीनवर, माझं अर्धवट पत्रक जसंच्या तसं समोर आलं.

मी चित्रण लावलं. कोणी तरी म्हणत होतं, "बघा, जाळी कुठे आहे, बघा." प्रेस खाली आली. पत्रा लाल झाला. मग ती किंकाळी. माझा हात बंद करायला गेला.

"थांबवू नका," कामगार म्हणाला. "मी तेव्हा डोळे मिटले होते. मला पाहायचंय."

त्याने शेवटपर्यंत पाहिलं. दुकानदाराने आपले दोन्ही हात काउंटरखाली घेतले होते.

मी तीन पेनड्राइव्ह मागितले, तिन्हींवर चित्रण उतरवलं. एक कामगाराने बँडेजच्या घडीत खोचला. एक आईसाठी. तिसरा मी दुकानदारापुढे धरला.

"मला यात ओढू नका."

"तुम्ही आमच्यातले नाही, म्हणूनच देतेय."

त्याने हात पुढे केला नाही. काउंटरवर जुन्या स्क्रूंचा एक पत्र्याचा डबा उघडा पडला होता. मी पेनड्राइव्ह त्यात टाकला. कामगाराने मला हात लावू न देता काळा कॅबिनेट डाव्या खांद्यावर घेतला आणि आम्ही निघालो.

"दीदी!"

मी वळले. तो मनगट चोळत उभा होता.

"त्याच्या पंख्यातली धूळ काढा, नाहीतर तापेल."

स्क्रूंच्या डब्याला झाकण लागलं होतं.