पायरीवरची तुळस

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याच्यावर सोपवून निवांत बसणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. खरंच आहे. दूध तापेपर्यंतसुद्धा मला गॅसपाशी उभं राहवत नाही. आणि अशा बाईच्या नशिबी अख्खा हिवाळा एका कॅराव्हॅनमध्ये काढायची वेळ आली. आखातातल्या एका एवढ्याशा बेटावर राहतो आम्ही. जुफैरचा फ्लॅट सोडून बसलो होतो आणि बुदैयाचं घर काही ताब्यात मिळत नव्हतं. मधल्या काळासाठी पुन्हा सामान कुठं हलवायचं, म्हणून नितीननं, माझ्या नवऱ्यानं, तुबलीच्या एका गॅरेजमधून जुनी कॅराव्हॅन दुरुस्त करून आणली. म्हणाला, "फिरत फिरत राहू." मी म्हटलं, "अरे बाबा, या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत थर्मासमधला चहा गार होत नाही इथं, फिरणार कुठं?" पण तो ऐकतोय कसला! काही दिवस समुद्रकाठी, काही दिवस सखीरच्या वाळवंटात, आणि शाळा-ऑफिस तिथूनच गाडीनं. आमची रेवा तर हवेतच होती.

मला काळजी होती ती सासूबाईंची. त्या साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या आणि हळूहळू त्यांची स्मरणशक्ती विरत चालली. मला कधी सुमन म्हणायच्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नितीनला कधी ओळखायच्या, कधी "पाव्हणं, चा घेतला का?" असं विचारायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांच्या भोवतीचं काही बदलू नका. आणि आम्ही काय केलं, तर घरालाच चाकं लावली! नवी जागा आली की त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. मी सारखी मागे-पुढे. दार लावलं का, चपला कुठे आहेत, आई कुठे आहेत.

एक गोष्ट मात्र त्या विसरल्या नव्हत्या, ती म्हणजे तुळस. जुफैरच्या बाल्कनीतली कुंडी आमच्याबरोबर हिंडत होती. निघताना ती बाथरूममध्ये ठेवायची आणि गाडी थांबली की सगळ्यांत आधी बाहेर काढून पायरीवर मांडायची, असा आईंचा दंडकच होता. संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लागायचा. सखीरमध्ये थंडीच्या दिवसांत तंबू आणि कॅराव्हॅनची गर्दी असते, आणि सगळ्या कॅराव्हॅन सारख्याच पांढऱ्या. आई जवळपास चार पावलं फिरून यायच्या आणि तुळस दिसली की बिनधास्त आत शिरायच्या. कुंडीवरून त्या घर ओळखतात, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. कॅराव्हॅन पाळण्यासारखी हलत होती, म्हणून दुपारीच आम्ही ती थोड्या आडोशाच्या जागी हलवली. नेमकी गॅसची नळी सैल झाली. नितीन तिच्यामागे, मी खिडक्यांच्या फटीत फडकी कोंबत, रेवा अभ्यासाला बसलेली. आई झोपल्या होत्या. तुळस बाथरूममध्येच राहिली, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. ऊन उतरता उतरता मी चहाला हाक मारली तर अंथरूण रिकामं, दाराशी चपला नाहीत.

आई गं! खाली वाळू, वर वाळूनं पिवळं पडलेलं आभाळ, आणि मध्ये ही बाई, जिला स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. नितीन गाडी घेऊन एका दिशेला गेला, शेजारच्या तंबूतले दोघं त्यांच्या चारचाकी बाइकवरून दुसऱ्या दिशेला. मी रेवाला दारात उभं केलं आणि धावत सुटले. प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये डोकावले, मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत राहिले. पुढे नुसतं माळरान होतं, तेलाच्या पाइपांच्या रांगा होत्या. घसा बसेपर्यंत "आई, आई" ओरडले. एवढी धावून मी पोचले कुठे, तर परत आमच्याच दाराशी. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान सुरू झाली होती. अजून थोड्या वेळात अंधार पडणार होता, आणि आईंच्या अंगावर साधा स्वेटरही नव्हता.

रेवा रडत म्हणाली, "मम्मा, हाऊ विल शी नो इट्स अवर होम? देअर इज नो तुलसी."

पोरगी किती सहज बोलून गेली! मी बाथरूममधून कुंडी उचलली आणि पायरीवर ठेवली. वाऱ्यात दिवा टिकेना, म्हणून नुसतेच हात जोडले. आणि का कोण जाणे, मी तिथंच वाळूत फतकल मारून बसले. म्हटलं, "देवा, माझी धाव संपली. आता तुझं माणूस तूच आण." एवढंच. श्लोक नाही, नवस नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न करता बसले होते.

अजान संपली तशी एक मोठी गाडी अगदी हळू, माणूस चालतं त्या वेगानं, कॅराव्हॅनच्या रांगेतून येताना दिसली. आमच्यापुढून थोडी पुढे गेली, गचकन थांबली आणि मागे आली. दार उघडलं. काळ्या अबायातली एक वयस्क बाई उतरली आणि कुंडीकडे बोट दाखवून आतल्या कुणाला तरी म्हणाली, "मश्मूम! शूफ, मश्मूम!" आणि मागच्या सीटवर, कुणाची तरी जाडजूड शाल पांघरून, आमच्या आई.

ही उम्म हसन, म्हणजे हसनची आई. तिच्या तंबूच्या दारात मश्मूमची कुंडी होती. मश्मूम म्हणजे इथला सब्जा, दिसायला थेट तुळशीची बहीण. इथल्या बायका ती हौसेनं केसांत माळतात. आईंनी ती कुंडी पाहिली आणि आपलंच घर समजून समोर मांडी घालून शुभंकरोती म्हणायला लागल्या. उम्म हसननं त्यांना चहा दिला, शाल दिली. आई कुंडीला हात लावून एकच शब्द सांगत होत्या, "घर, घर." तिला दुकानातली हिंदी येत होती. तिला एवढं कळलं, की या म्हातारीच्या दारात असंच झाड आहे. मग मुलाला गाडी काढायला लावली आणि झाड शोधत निघाली.

"हम पहले भी इदर से गया," ती मला म्हणाली. "तुमारा मश्मूम किदर था? मश्मूम मफी, नहीं था, तो हम बोला ये घर नहीं. आगे गया. उदर खलास, कोई नहीं. फिर वापस आया."

मी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. ती पाठीवर थोपटत "अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह" म्हणत राहिली. मी वाळवंट पालथं घालत होते तेव्हा आई आमच्या दारावरून जाऊन आल्या होत्या; गाडीच्या काळ्या काचांमागे दारातल्या रेवालाही त्या दिसल्या नव्हत्या. याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालत नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की मी कुंडी ठेवली, बसले, आणि त्या आल्या.

आई गाडीतून उतरल्या. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तुळशीपाशी गेल्या, मातीला बोट लावून म्हणाल्या, "कोरडी ठाक पडलीया. कुणी पाणी घातलं न्हाई व्हय?" तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात मश्मूमची डहाळी खोवलेली होती. सासरे गेल्यापासून आईंनी केसांत फूल घातलं नव्हतं. कुणी आग्रह केला तरी हात झटकायच्या. मला वाटलं, कुणी खोवलंय हे त्यांना कळलंही नसेल, आणि कळलं तर जिवाला लागेल. म्हणून मी हळूच काढायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "तिनं मायेनं घातलंय."

आता आम्ही बुदैयाच्या घरात आहोत. आईंना माझं नाव अजून आठवत नाही, कधीमधी नितीनचंही नाही. माझ्या पायांची भिंगरीही काही गेलेली नाही. पण दिवेलागणीला मी पायरीवर येऊन बसते. तिथं दोन कुंड्या आहेत, एक आमची आणि एक उम्म हसननं दिलेली. आई दोन्हींना पाणी घालतात, दोन्हींना हात जोडतात. मग माझ्या शेजारी टेकतात आणि म्हणतात, "बस की सुमन, कुटं पळतीस? घरीच हाईस न्हवं?"

मी म्हणते, हो आई, घरीच आहे. आणि बसते.