मारायचं कसं, ते मी शिकवलं

मैत्रिणींनो, आज माझ्या नातीचा, सायलीचा सिनेमा मुलुंडला तिच्या कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. हॉल गच्च भरलेला. एसी इतका गार, की मी पदर कानावर घेऊन बसले.

सिनेमात नवरा बायकोला मारतो. शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात झालं. नवरा झालेला मुलगा बिचारा माशी हाकलल्यासारखा मारत होता. चहा गाळता गाळता मी म्हटलं, "असं नाही रे. आधी वेणी मनगटाला गुंडाळायची, मग डोकं ओट्यावर आपटायचं."

सायली म्हणाली, "आजी, तुला कसं माहीत?"

"टीव्हीत बघितलं गं."

आज ते पडद्यावर आलं. वेणी ओढली, डोकं आपटलं, ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. मी पडदा सोडून शेजारी बघितलं, तिथे कुसुमवन्सं होत्या, माझ्या गेलेल्या नवऱ्याची धाकटी बहीण. "आमचा दादा देवमाणूस," असं त्या आयुष्यभर सगळ्यांना सांगत आल्या. त्यांनी ओळखलं आणि उठून गेल्या तर?

अंधारात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "वहिनी, दादा असाच मारायचा. मी दाराआडून बघायचे."

मग टाळ्याच टाळ्या. सायली स्टेजवरून मला हात करत होती. मला इतकं बरं वाटलं, की बाहेर येऊन दोन समोसे खाल्ले, एक वन्संच्या बशीतला.

तुमच्या घरी दाराआड कोण उभं होतं गं? त्यांना कधी विचारलंत का?